सेन्योराच्या मागची बरणी

गावच्या संताच्या, सान रोकेच्या जत्रेला पाच दिवस उरले असताना इस्लाव आमच्या दारात आला. हातात पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढा एक नारिंगी मासा, अंगावर तीन पांढरे पट्टे.

"पारे," तो म्हणाला, "हा शेवटचा."

मला नीट कळलं नाही. "शेवटचा म्हणजे?"

"म्हणजे यापुढे बुडी बंद. गुडघे गेले, कान गेले. सेबूचा डॉक्टर म्हणतो, आणखी एकदा खाली गेलास तर तुझी टोपी तेवढी वर येईल." तो स्वतःच हसला. "मग मी म्हटलं, शेवटची बुडी कोणासाठी मारायची? व्यापाऱ्यासाठी? छट्! आपली सेन्योरा दोन वर्षं एकटी आहे. तिच्यासाठी अर्धा दिवस शोधत होतो. हातजाळीने धरलाय. खवलासुद्धा हललेला नाही, बघ."

त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्मपिता होतो. तेव्हापासून आम्ही एकमेकांना 'पारे' म्हणतो, आणि माझ्या बायकोला तो 'मारे' म्हणतो. आमच्या बेटावर हे नातं सख्ख्या भावापेक्षा जरा जास्तच जपलं जातं, कारण भाऊ आपण निवडत नाही. इस्लावने मला का निवडलं हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. तो चाळीस वर्षं तोंडात हवेची नळी धरून समुद्रात उतरणारा, काचेच्या टाक्यांसाठी मासे पकडणारा माणूस. मी शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकांना कव्हरं घालणारा. मला पोहता येत नाही. बेटावर जन्मलेल्या पुरुषांत असा मी एकटाच असेन.

म्हणून तर आमच्याकडे ती टाकी आली. मी प्रवाळ कधी पाहिलं नाही, फक्त वाचलंय, हे इस्लावला एकदा कळलं. त्याने कपाळावर हात मारला. मी शाळेतला, म्हणून तो मला मेस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणतो. "मेस्त्रो, समुद्र तुझ्या उंबऱ्यावर आहे आणि तू तो पुस्तकात बघतोस?" पुढच्या महिन्यात त्याने कुठूनशी चार फुटी काच आणली, दगड आणले, वाळू आणली. मग एकेक मासा. सोळा वर्षांपूर्वी त्याने आणलेली नारिंगी मादी अजून आहे. हात पाण्यात घातला की चावते, म्हणून माझ्या बायकोने, पानिंगने, तिचं नाव सेन्योरा, म्हणजे बाईसाहेब, ठेवलं.

आता तो दारात उभा होता आणि मी पिशवी टाकीत रिकामी करीन याची वाट बघत होता.

मी पिशवी घेतली आणि न सोडता टाकीत तरंगत ठेवली. "ऊब जुळू दे आधी," मी म्हणालो.

"जुळू दे, जुळू दे. मला कमानीचे बांबू बांधायला जायचंय. जत्रेच्या दिवशी येतो जोडा बघायला." दारातून तो पुन्हा वळला. "त्याला नाव ठेवायचं काम माझं हं. पानिंगमारेला सांगून ठेव."

तो गेला. मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसलो. सेन्योरा तिच्या समुद्रफुलातून, ज्या जिवंत तंतूंच्या झुबक्यात ती राहते त्यातून, बाहेर आली, पिशवीभोवती फिरली आणि प्लास्टिकला एक धडक देऊन परत गेली.

दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं ते इथे सांगितलं पाहिजे.

मी निवृत्त झालो त्या दिवशी इस्लावने मला निळा मासा आणला होता. बशीएवढा, शेपटीजवळ पिवळा. घरात माणसं भरली होती, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की नवा मासा निदान महिनाभर वेगळ्या पाण्यात ठेवावा. ते जाडं पुस्तक एका परदेशी पाहुण्याने शाळेला दिलं होतं. ते वाचणारा मी एकटाच. पण इतक्या लोकांसमोर 'थांबा' म्हणायचं मला जमलं नाही. निळा मासा टाकीत गेला. पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके आले, मग सगळ्यांच्याच. बाराव्या दिवशी टाकीत फक्त सेन्योरा उरली होती. तिचा नरही गेला. ती एका कुशीवर कलून, तोंडाने धापा टाकत जगली, आणि कशी जगली ते मला माहीत नाही.

इस्लावने विचारलं तेव्हा मी म्हणालो, रविवारी दिवसभर वीज गेली होती, हवेचा पंप बंद पडला.

त्याने मान हलवली. आठवड्याने तो सेबूहून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन आला. "आता वीज गेली तरी काळजी नाही," म्हणाला. तो पंप दोन वर्षं माझ्या टाकीवर गुरगुरतोय आणि त्याचा आवाज ऐकताना माझे कान गरम होतात.

म्हणजे या वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. पण आमच्या बेटावर ते करण्याला एक अर्थ आहे.

मासे पकडणारे संध्याकाळी व्यापाऱ्याच्या पडवीत पिशव्या मांडतात. व्यापारी एकेक पिशवी उजेडात धरतो. चांगला मासा डाव्या हाताला जातो. ज्याच्याबद्दल शंका असेल, म्हणजे आजारी असेल किंवा कोणी खडकात विष फवारून धरलेला असेल, तो मासा उजवीकडे, वेगळ्या टबात. व्यापारी तोंडाने काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते. 'अमक्याचे बाजूला ठेवले' एवढं गावभर जातं आणि तो माणूस आठवडाभर मान खाली घालून चालतो. इस्लावने जन्मात विषाला हात लावला नाही. त्यापायी त्याने अर्ध्या धंद्याशी भांडणं घेतली. त्याच्या शेवटच्या बुडीचा मासा मी बाजूला ठेवला हे त्याला कळलं असतं तर?

"मग सांग त्याला," पानिंग म्हणाली. ती पुढच्या खिडकीत छोटं दुकान चालवते आणि तिथे बसून घरातलं सगळं ऐकते.

"काय सांगू?"

"की पुस्तकात लिहिलंय."

"त्याला वाटेल मला त्याच्यापेक्षा पुस्तकावर जास्त भरवसा आहे."

"आहेच की. लग्नाच्या दिवशीसुद्धा तुझ्या खिशात पुस्तक होतं. म्हणून मी काही पाण्यात उडी मारली नाही."

"पानिंग, त्याचा शेवटचा मासा आहे."

"आणि ही तुझी पहिली सेन्योरा आहे," ती म्हणाली. "मेली तर रडणार कोण? इस्लाव नाही रडणार. तू रडशील, आणि मला त्या दुखवट्याचा स्वयंपाक करावा लागेल."

पिशवी तरंगत होती. छोटा आत गोल गोल फिरत होता. मला त्याच्या अंगावर काही दिसत नव्हतं, पण निळ्याच्या अंगावरही पहिल्या दिवशी काही नव्हतं. अर्धा तास मी तसाच बसलो. एकदा उठून पिशवीची गाठसुद्धा सोडली. तेवढ्यात सेन्योरा पुन्हा वर आली आणि तिने माझ्या बोटाला चावा घेतला. मी हात मागे घेतला, पिशवी उचलली आणि मागच्या स्वयंपाकघरात गेलो.

"बरण्या दे," मी म्हणालो.

"कसल्या?"

"बिस्किटांच्या. दोन्ही."

"आणि बिस्किटं कुठे ठेवू? तुझ्या टोपीत?" असं म्हणत तिने त्या रिकाम्या केल्याही. काचेच्या गोल, मोठ्या बरण्या होत्या, प्रत्येकी अर्धा डबा पाणी मावेल एवढ्या. पुस्तकातली पद्धत साधी होती: दर तिसऱ्या दिवशी नवं भांडं, नवं पाणी, जुनं भांडं धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचं. रोगाचं बी माशाच्या अंगावरून गळून भांड्याच्या तळाशी बसतं. ते फुटायच्या आत मासा पुढच्या भांड्यात गेलेला असतो. बरणीवर मी इस्लावचा बॅटरीचा पंप लावला. टाकीवर जुना विजेचा पंप तेवढा राहिला.

चार दिवस मी इस्लावला टाळलं. कमानीखालून जायचं सोडून समुद्राच्या कडेने पावाच्या दुकानात जात होतो. एकदा तो लांबून ओरडला, "पारे! नवरानवरी काय म्हणतात?" मी हात हलवला. हात हलवण्याचे अर्थ खूप होतात, हे बरंच आहे.

चौथ्या संध्याकाळी पानिंगने मला टाकीच्या मागे रांगताना पकडलं.

"हे काय चाललंय?"

मी टाकीच्या मागच्या काचेवरचा निळा कागद सोलत होतो. टाकीच्या मागे खिडकीचा रुंद कट्टा आहे. त्या कट्ट्यावर, टाकीला चिकटून, बरणी ठेवली तर समोरून बघणाऱ्याला छोटा मासा सेन्योराच्या मागेच पोहतोय असं वाटेल. बरणीचा तळ टाकीतल्या दगडांनी झाकला जाईल. वरचं तोंड झाकायला मी तिचा लेसचा पडदा काढून आणला होता.

मी हे तिला समजावून सांगितलं.

"एका माणसाला एक वाक्य सांगायचं नाही," ती म्हणाली, "म्हणून तू एवढं सगळं करणार?"

"जत्रा होऊ दे. मग महिन्याभरात तो खरंच टाकीत जाईल. कोणाला कळणारही नाही."

"पडदा वाकडा लागलाय," ती म्हणाली आणि तिने तो सरळ केला.

एक गोष्ट मात्र मी हिशेबात धरली नव्हती. बरणी टाकीमागे गेल्यापासून सेन्योरा तिचं समुद्रफूल सोडून मागच्या काचेपाशीच राहू लागली. ती काचेला तोंड लावायची, आणि पलीकडून छोटा अंग थरथरवायचा. पुस्तकात लिहिलंय, लहान नर मोठ्या मादीपुढे असाच थरथरतो; त्याचा अर्थ, 'बाईसाहेब, तुम्ही म्हणाल तसं.' ते बघून मला बरं वाटलं, आणि लगेच आणखी वाईट वाटलं.

जत्रेच्या दुपारी घर भरलं. ओळखीचे जेवले, अनोळखीही जेवले. त्या दिवशी कोणी विचारत नाही. भाजलेलं डुक्कर, नारळाच्या पानात शिजवलेला भात, कच्च्या माशाचं आंबट किनिलाव. इस्लाव नवा पांढरा शर्ट घालून आला. डोक्याला तेल होतं. त्याला असं बघितलं की तो दुसऱ्याच कोणाचा तरी भाऊ वाटतो.

"हटा, हटा, सोयऱ्याला वाट द्या," म्हणत तो सरळ टाकीसमोर गेला आणि गुडघे धरून खाली बसला.

मी त्याच्या मागे उभा होतो. ताटातला भात माझ्या हातात गार होत होता.

टाकीत सेन्योरा होती. तिच्या मागे छोटा होता. खरंच सोबत पोहताहेत असंच दिसत होतं. फक्त एक घोटाळा झाला होता: बरणीच्या गोलाईमुळे छोटा चांगला दुप्पट दिसत होता.

गावच्या कप्तानाची, म्हणजे आमच्या सरपंचाची, बायको वाकून म्हणाली, "अगबाई! हाच का तो? तुम्ही तर म्हणालात बोटाच्या पेराएवढा. पाच दिवसांत केवढा वाढला!"

इस्लाव काचेत बघत होता. त्याचे डोळे छोट्यावरून हलत नव्हते. त्याची मान थोडी डावीकडे झुकली, मग उजवीकडे. चाळीस वर्षं त्याने असंच काचेतून माशांकडे बघितलंय, हे मला त्या क्षणी आठवलं. आधी आठवायला हवं होतं.

"वाढणारच," इस्लाव शांतपणे म्हणाला. "मेस्त्रोच्या घरचं खाणं आहे ते. मला बघा, मीसुद्धा इथे आलो की वाढतो." आणि त्याने पोटावर हात मारला.

सगळे हसले. कप्तानाची बायको डुकराच्या दिशेने गेली. इस्लाव आणखी थोडा वेळ बसून राहिला, मग गुडघ्यावर हात टेकून उठला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पारे, ताट घेऊन मागे ये."

मागच्या पायऱ्यांवर कोणी नव्हतं. दुसरी बरणी तिथेच उन्हात पालथी ठेवलेली होती. इस्लाव तिच्याकडे बघत पायरीवर बसला.

"बिस्किटं कुठे गेली?" त्याने विचारलं.

"पारे..."

"मासा एकाच जागी गोल गोल फिरतो तेव्हा त्याच्याभोवती भिंत असते. आणि सेन्योराचं फूल पंपाच्या पाण्याने डावीकडे झुकतंय, हा पठ्ठ्या मात्र हलत नाही. वारा दोघांपैकी एकालाच कसा लागेल?"

मी त्याच्याशेजारी बसलो. ताट मांडीवर ठेवलं. "मी तुझा मासा बाजूला ठेवला," मी म्हणालो. वाक्य तेवढंच होतं. पानिंगने बरोबर सांगितलं होतं, एकच वाक्य.

इस्लावने माझ्या ताटातला एक तुकडा उचलून खाल्ला. त्याचा चेहरा मला वाचता येईना. पुढच्या खोलीत कोणीतरी गाणं सुरू केलं.

"ठेवलास ते ठेवलास," शेवटी तो म्हणाला. "पण वर लेसचा पडदा? कोणाचं लग्न आहे?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलं की. बसल्या बसल्या वाटलं. म्हटलं, उठावं आणि जावं." त्याने बोटं पायरीवर पुसली. "मग मी नीट बघितलं. तुझ्या बरणीने तो मोठा करून दाखवला, म्हणून दिसलं. उजव्या कल्ल्याच्या मागे तीन ठिपके आहेत. चष्मा पूस आणि जाऊन बघ."

मी उठून गेलो. माणसांमधून वाट काढली, चष्मा पुसला, पडदा बाजूला करून खिडकीच्या बाजूने बघितलं. नारिंगी अंगावर, कल्ल्याच्या मागे, मिठाचे तीन कण होते. मी सकाळीच बघितलं होतं तेव्हा मला दिसले नव्हते, किंवा मी बघायचं टाळलं होतं. सेन्योरा काचेच्या अलीकडे होती, तिच्या पाण्यात.

मी परत येऊन बसलो. "तू बोलला नसतास तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"मागच्या वेळी नव्हतोच बोललो," इस्लाव म्हणाला.

"कधी?"

तो खाली बघत होता. "तो निळा. व्यापाऱ्याने बाजूला ठेवला होता तो. त्या दिवशी दुसरं काही हाती लागलं नव्हतं, आणि माझा पारे निवृत्त होतो त्या दिवशी मी रिकाम्या हाताने येऊ? म्हटलं, एवढा ताजातवाना दिसतोय, व्यापाऱ्याला काय कळतं. उजवीकडच्या टबातून उचलून आणला."

मला एकच वेडपट प्रश्न सुचला. "मग तुला वाटलं नाही का, की मासे वीज गेली म्हणून..."

"त्या रविवारी माझ्या पोरीचा वाढदिवस होता, मेस्त्रो. तुझ्याच धर्मकन्येचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या अंगणात कराओके चालू होतं. कप्तानाने एकच गाणं सात वेळा म्हटलं. वीज गेली असती तर अख्ख्या गल्लीने देवाचे आभार मानले असते."

"मग पंप का आणलास?"

इस्लाव माझ्याकडे बघून म्हणाला, "तू वीज म्हणालास. मग विजेचं काहीतरी आणायला नको?"

पानिंग मागच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "झालं असेल तर आत या," ती म्हणाली. "पाहुणे विचारताहेत, यजमान पळून गेला का म्हणून. आणि इस्लाव, दोन वर्षं तू हे पोटात ठेवलंस? मला सांगितलं नाहीस? माझं दुकान आहे ना बोलायला!"

"म्हणूनच नाही सांगितलं, मारे," इस्लाव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कमानीचे कागद अजून रस्त्यावर पडलेले असताना, तो दोन डबे पाणी घेऊन आला. किनाऱ्याचं पाणी त्याला चालेना. "जत्रेत पोरं त्यात काय काय करतात तुला माहीत नाही," म्हणाला, आणि खडकांच्या रांगेपलीकडे होडी नेऊन स्वच्छ पाणी आणलं. तिसऱ्या दिवशीची पाळी आम्ही मिळून केली. माझा हात थरथरतो, म्हणून छोट्याला त्याने उचललं, दोन तळव्यांच्या पेल्यात, आणि नव्या बरणीत सोडलं. जुनी बरणी मी मिठाईच्या भांड्यासारखी घासली आणि भिंतीवर उन्हात पालथी घातली.

तीन ठिपक्यांचे अकरा झाले. जत्रेनंतरच्या सहाव्या दिवशी छोट्याने खाणं सोडलं. इस्लाव बरणीसमोर बसून राहिला. कोळंबीचा कण दातांनी चावून बारीक करायचा, काडीच्या टोकाला लावायचा आणि त्याच्या तोंडापुढे धरायचा. छोटा तोंड फिरवायचा. त्या दुपारी इस्लावही जेवला नाही.

"दोन म्हातारे," पानिंग खिडकीतून गिऱ्हाइकाला सांगत होती, "बोटभर माशाची बाळंतीण सांभाळल्यासारखी सेवा चाललीय. आणि बिस्किटं मी पिशवीत विकतेय."

"गेला तर?" मी हळूच विचारलं.

"तर बरणीत जाईल," इस्लाव म्हणाला. "टाकीत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "माझा शेवटचा आहे म्हणून तू टाकीत सोडला असतास, तर आज मी दोघांकडे बघत बसलो असतो." मग पुन्हा काडी पुढे केली.

आठव्या दिवशी छोट्याने काडीवरचा कण खाल्ला. इस्लाव एवढा मोठ्याने ओरडला की दुकानापुढची बाई पिशवी टाकून आत धावली. पंधराव्या दिवशी त्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता. मी पुस्तक उघडून दाखवलं की पुढेही निदान पंधरा-वीस दिवस थांबायला हवं. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही.

"वाच," इस्लाव म्हणाला. मी वाचलं. "परत वाच." मी परत वाचलं. "चाळीस वर्षं मी यांना धरलं," तो म्हणाला, "पण नंतर यांचं काय होतं ते मला कोणी कधी सांगितलं नाही. तू इतकी वर्षं हे वाचत होतास आणि बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तुला सगळं माहीतच असेल."

"मलाही वाटलं, तुला सगळं माहीत असेल," तो म्हणाला.

पाणी आणायच्या एका खेपेला मी त्याच्याबरोबर होडीत गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. डबे धरायला कोणीतरी हवं होतं एवढंच कारण मी पानिंगला दिलं. खडकांच्या रांगेवर त्याने इंजिन बंद केलं, त्याचा जुना, लाकडी काठाचा बुडीचा चष्मा माझ्या डोळ्यांना बांधला आणि माझा कमरेचा पट्टा मुठीत धरला. "तोंड घाल पाण्यात. मी धरलंय." मी होडीच्या काठावरून वाकलो आणि तोंड पाण्यात घातलं. पुस्तकात होतं तसंच होतं सगळं. फक्त हलत होतं. मी श्वास संपेपर्यंत बघितलं, वर आलो, खोकलो, आणि पुन्हा तोंड घातलं. असं किती वेळा केलं ते इस्लाव मोजत होता आणि नंतर त्याने ते गावभर सांगितलं.

पस्तिसाव्या दिवशी, दुपारच्या उजेडात, आम्ही छोट्याला टाकीत सोडायचं ठरवलं. या वेळी घरात आम्ही तिघेच होतो. इस्लावने त्याला तळव्यात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तू सोड," तो म्हणाला.

"माझा हात हलतो, पारे."

"हलू दे. त्यालाही हलायचंच आहे."

मी ओंजळ पुढे केली. त्याने छोट्याला माझ्या ओंजळीत ओतलं आणि मी हात पाण्यात बुडवले. सेन्योरा बाणासारखी वर आली. तिने आधी मला चावून घेतलं, मग त्याला धडक दिली आणि टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळवलं. छोटा दगडाआड लपला. पुन्हा बाहेर आला. पुन्हा तिने पळवलं. मी उठून जाळी शोधू लागलो.

"बस," इस्लाव म्हणाला. "महिनाभर काचेपलीकडून ओळख झालीय त्यांची. ती फक्त घर कोणाचं ते सांगतेय."

पानिंग म्हणाली, "मीही सांगितलं होतं. त्याला तीन वर्षं लागली समजायला."

दगडापाशी छोटा कुशीवर झाला आणि त्याचं अंग थरथरलं. सेन्योरा थांबली. त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि आपल्या समुद्रफुलात जाऊन बसली. थोड्या वेळाने तोही त्याच्या कडेला, एका तंतूच्या टोकाशी, जाऊन टेकला. तिने काही केलं नाही.

"नाव काय ठेवायचं?" मी विचारलं. "तू ठेवणार होतास."

इस्लावने विचार केला. "बिस्किट," तो म्हणाला.

त्याने टाकीवर बॅटरीचा पंप परत लावला आणि त्याचा गुरगुराट सुरू झाला. पानिंग रिकाम्या बरण्या दुकानात न्यायला निघाली, तर त्याने त्यातली एक तिच्या हातातून काढून घेतली.

"ही राहू दे, मारे. घासून उन्हात ठेव."

"का? आता तर बुडी बंद ना तुझी?"

"माझी बंद. जावई उतरतो अजून," इस्लाव म्हणाला, आणि बरणी घेऊन मागच्या पायऱ्यांकडे गेला.